मैफल लावणारा माणूस



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला माणूस गायक नव्हता, वादक नव्हता. त्याच्या नावावर एकही चाल नाही. तरीही तो गेला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने राज्यातर्फे त्याची स्मृतिसभा भरवली. कोरोनामुळे प्रवासावर कडक निर्बंध चालू होते. त्या सभेत गायला एक जगप्रसिद्ध गायक इंग्लंडहून आला, आणि ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवल्यावर चौदा दिवस विलगीकरणात राहिला. या माणसाचे नाव मायकेल गुडिन्स्की. जन्म २२ ऑगस्ट १९५२, मेलबर्न. मृत्यू २ मार्च २०२१, मेलबर्नमध्येच, राहत्या घरी. वय ६८. गाण्याच्या मैफली लावणे आणि नव्या गाणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणे हा त्याचा धंदा.

त्याचे नाव इथे फारसे कुणी ऐकले नसेल, पण त्याची कर्मभूमी आपल्याला परकी नाही. १९८१ साली पायचीत दिल्यावर संतापलेले गावसकर चेतन चौहानला बरोबर घेऊन जिथून बाहेर निघाले होते, त्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर गुडिन्स्कीने आयुष्यातले काही सर्वांत मोठे कार्यक्रम लावले.

मी स्वतः तरुणपणी संगीतसभांमध्ये सतरंज्या घातल्या आहेत, दारोदार तिकिटे खपवली आहेत. म्हणून आयोजकाचे काम किती जिवावरचे असते हे आधी सांगतो, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. मोठ्या कलावंताला ठरलेली बिदागी द्यावीच लागते, मग तिकिटे खपोत वा न खपोत. जागेचे भाडे, ध्वनी, दिवे, विमा, जाहिराती, उतरण्याची सोय हा सारा खर्च पहिला सूर लागण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. तो भरून निघाल्यावर जे उरते त्यातलाही बहुतेक वाटा पहिल्या फळीचा कलावंत नेतो आणि आयोजकाच्या हाती रुपयातले दहा-पंधरा पैसे पडतात. नुकसान झाले तर मात्र ते सगळे त्याचे.

ऑस्ट्रेलियात यात अंतराची भर पडते. परदेशी कलावंत आणायचा तर टनावारी सामान विमानाने आणावे लागते. देशाच्या आत पर्थ ते सिडनी हे अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त आहे, आणि मोठी शहरे बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय बिदागी ठरते अमेरिकी डॉलरमध्ये आणि तिकिटे खपतात ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. २००१ साली ऑस्ट्रेलियन डॉलर पन्नास अमेरिकी सेंटच्या खाली गेला होता. आधी करार करून बसलेल्या आयोजकाचा खर्च अशा वेळी काहीही न करता वाढत जातो. अशा धंद्यात गुडिन्स्की पन्नास वर्षे टिकला. तो कशाच्या बळावर टिकला आणि त्या बळाचा त्याच्या घराशी काय संबंध होता, हे मला आज मांडायचे आहे.

त्याचे आईवडील, कुबा आणि नीना, रशियातून आलेले ज्यू निर्वासित. १९४८ साली ते ऑस्ट्रेलियात पोचले. युरोपातल्या ज्यूंवर त्या दशकात काय गुदरले ते मी इथे सांगायला नको. तिथून सुटून आलेल्या माणसांना मुलांनी शिकावे, पक्क्या पायावर उभे राहावे, असे वाटले तर त्यात नवल काय? मुलगा मात्र वेगळ्याच मातीचा निघाला. त्यांचे घर कॉलफिल्डच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ होते. कॉलफिल्ड कपच्या दिवशी गर्दी उसळे आणि गाड्या लावायला जागा मिळत नसे. सात वर्षांच्या मायकेलने शेजारच्या मोकळ्या जागेत गाड्या लावून घेऊन पैसे कमावले. लोक कुठे जमणार आणि जमल्यावर त्यांना काय लागणार, हे त्याला तेव्हापासून कळत होते. शाळेत असतानाच तो तरुणांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांचे आयोजन करू लागला आणि शिक्षण अर्धवट सोडून त्याने पूर्णवेळ हाच रस्ता धरला. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. बापलेकांमधला हा दुरावा लक्षात ठेवा.

१९७२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने रे एव्हन्सबरोबर ‘मशरूम रेकॉर्ड्‌स’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. त्या काळी ऑस्ट्रेलियन रॉक संगीताकडे घरच्याच लोकांचे लक्ष नव्हते. रेडिओवर गाणी अमेरिकेची आणि इंग्लंडची. इथल्या गायकाने लंडनला जाऊन नाव काढावे, मग इथले लोक त्याला मानणार. गुडिन्स्कीला हे सोसत नव्हते. त्याची पहिली मोठी निर्मिती म्हणजे मेलबर्नजवळच्या सनबरी गावच्या १९७३ सालच्या महोत्सवाचे ध्वनिमुद्रण, तेही तीन तबकड्यांचा संच! ज्या कंपनीच्या गाठीला फारसे भांडवल नाही तिने पदार्पणातच तीन तबकड्या काढाव्यात, यात त्याचा सगळा स्वभाव आला. नंतरची दोन वर्षे मात्र कंपनी कर्जात रुतत गेली.

तिला वर काढले ‘स्कायहुक्स’ या मेलबर्नच्याच बँडने. त्यांचा ‘लिव्हिंग इन द सेव्हन्टीज’ हा अल्बम ऑक्टोबर १९७४ मध्ये आला, आणि मला वाटते, गुडिन्स्कीच्या कारकिर्दीतला हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा. या बँडचा गीतकार ग्रेग मॅकेन्श गाणी लिहीत होता ती कार्लटन, बॉल्विन, टुरॅक या मेलबर्नच्या उपनगरांवर. आपल्या गल्लीचे नाव गाण्यात येऊ शकते हीच गोष्ट तिथल्या पोरांना नवी होती. बँडची शिफारस रॉस विल्सन या जाणत्या संगीतकाराने केली होती आणि अल्बमही त्यानेच घडवला. गुडिन्स्कीला स्वतःला सुरुवातीला फारशी खात्री नव्हती. पण ज्याच्या कानावर आपला विश्वास आहे त्याचे ऐकून पैसा लावायचा, हे धैर्य त्याच्याकडे होते. खासगी रेडिओ केंद्रांनी दहापैकी सहा गाण्यांवर बंदी घातली. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, १९७५ साली हा अल्बम सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. तोवर ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही देशी अल्बमचा इतका खप झाला नव्हता. योगही असा, की जानेवारी १९७५ मध्ये तरुणांसाठी सुरू झालेल्या ‘डबल जे’ या सरकारी रेडिओ केंद्राने पहिले गाणे वाजवले ते याच बँडचे, बंदी घातलेल्यांपैकी. त्याच मार्चमध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली आणि रंगरंगोटी करून गाणारे स्कायहुक्स घरोघरी दिसू लागले. मशरूम वाचली. इथल्या माणसाने इथल्या जगण्यावर गायलेले इथलाच माणूस विकत घेतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढच्या कितीतरी जणांचा रस्ता मोकळा झाला.

पुढचा पल्ला मी भरभर सांगतो. न्यूझीलंडहून आलेल्या ‘स्प्लिट एन्झ’ या बँडला त्याने पाच वर्षे सांभाळले, तेव्हा कुठे १९८० साली ‘ट्रू कलर्स’ या अल्बमने त्यांना मोठे यश मिळाले. १९७९ मध्ये भागीदारांसह ‘फ्रंटियर टूरिंग’ ही परदेशी कलावंतांचे दौरे लावणारी कंपनी निघाली. गायक जिमी बार्न्सने ‘कोल्ड चिझल’ हा बँड सुटल्यावर एकट्याने गाणे सुरू केले तेव्हा पाठीशी मशरूम होती. १९८७ साली ‘नेबर्स’ या मालिकेतल्या कायली मिनोग नावाच्या कोवळ्या नटीचे पहिले गाणे काढले तेव्हा रॉकच्या कडव्या भक्तांनी नाके मुरडली. ते ‘लोकोमोशन’ त्या दशकातले ऑस्ट्रेलियातले सर्वाधिक खपाचे सिंगल ठरले.

दोन नावांपाशी मात्र थांबायला हवे. आर्ची रोच हा आदिवासी गायक. लहानपणी सरकारने त्याला आईबापांपासून हिरावून नेले होते. ऑस्ट्रेलियात हजारो आदिवासी मुलांच्या वाट्याला हे आले. त्यावरचे त्याचे गाणे ‘चारकोल लेन’ या १९९० सालच्या अल्बममध्ये आहे. तो अल्बम पॉल केली आणि स्टीव्ह कॉनली या संगीतकारांनी घडवला आणि मशरूमच्या छत्राखाली निघाला. दुसरे नाव ‘योथू यिंडी’, आर्नहेम लँडमधल्या योल्ङू लोकांचा बँड. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी आदिवासींशी करार करण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले गेले नाही. त्यावर ‘ट्रीटी’ हे गाणे १९९१ साली मशरूमने काढले. त्याचा काही भाग गुमाच या त्यांच्या स्वतःच्या भाषेत आहे. नाचाच्या तालावर बांधलेली त्याची नवी आवृत्ती देशभर वाजली, आणि ज्यांनी आयुष्यात आदिवासी भाषेचा शब्द कानावर पडू दिला नव्हता त्यांच्या घरांत ती भाषा पोचली. या गाण्यांमागे गुडिन्स्कीने हिशेब किती केला आणि श्रद्धा किती ठेवली, ते मी तोलणार नाही. पण ज्या आईबापांना वंशामुळे देश सोडावा लागला त्यांच्या मुलाने ही गाणी लोकांपुढे आणली, हे माझ्या दृष्टीने योगायोगापेक्षा जास्त आहे.

त्याच्यावरचे आक्षेपही सांगितले पाहिजेत. कलावंताची ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी त्याची, कार्यक्रम ठरवणारी संस्था त्याची, दौरे लावणारी कंपनी त्याची, गीतांचे हक्क सांभाळणारी कंपनीही त्याची. एकाच छताखाली इतकी सत्ता असणे निकोप नाही, असे म्हणणारे होते आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मशरूम रेकॉर्ड्‌सचा सुमारे अर्धा हिस्सा त्याने १९९३ मध्ये आणि उरलेला १९९८ मध्ये मर्डोक यांच्या उद्योगसमूहाला विकला, तेव्हा अनेकांना आपले घरच विकले गेल्यासारखे वाटले. त्याचा आवाज चढा, राग भडक, बोलणे रांगडे. या गोष्टी झाकून मी त्याला थोर ठरवणार नाही. पण त्याच्यावर रागावलेली माणसेही वीस-तीस वर्षे त्याच्या आसपासच राहिली. कंपनी विकल्यावर लगेच त्याने ‘लिबरेशन’ ही नवी कंपनी काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि कितीतरी जुने कलावंत तिथे परत आले. कलावंताची बाजारातली पत घसरली म्हणून तो त्याचा फोन घ्यायचा थांबत नसे. जिमी बार्न्ससारख्याने आपल्या पडत्या काळात कोण उभा राहिला हे जाहीरपणे सांगितले आहे.

आता घराविषयी. कलेच्या क्षेत्रातल्या कर्तबगार पुरुषांची चरित्रे वाचताना एक वाक्य हमखास भेटते: ‘संसाराकडे लक्ष द्यायला त्यांना सवड झाली नाही.’ आपण ते फार सहज माफ करतो. मला ते कधीच पटलेले नाही. गुडिन्स्कीच्या कामाची वेळ रात्रीची, माणसे जगभरची, फोन पहाटेपर्यंत. अशा धंद्यात घर मोडायला निमित्त लागत नाही. त्याचे घर शेवटपर्यंत उभे राहिले. त्याचे पहिले श्रेय त्याची पत्नी सू हिला जाते आणि ते तिलाच द्यायला हवे. पण त्याचा वाटाही आहे. त्याने घर आणि धंदा यांच्यात भिंत बांधली नाही. कलावंत त्याच्या घरी येत, जेवत, राहत, आणि मॅट व केट ही दोन मुले त्यांच्यातच वाढली. एखाद्या लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखा तो मंचामागे वावरे: कुणी जेवले का, कुणाला गाडी मिळाली का, कोण रुसून बसले आहे.

मघाशी मी बापलेकांमधला दुरावा लक्षात ठेवायला सांगितले होते. मॅटने कोवळ्या वयातच ‘इल्युझिव्ह’ नावाने स्वतंत्र कंपनी काढली आणि हिप-हॉपकडे वळला, जे त्याच्या वडिलांच्या पिढीचे संगीत नव्हे. वडिलांनी त्याला अडवले नाही. त्यांनी ती कंपनी आपल्या समूहात घेतली आणि मुलाला त्याच्या कानाने चालू दिले. केट गायिका झाली, केट अलेक्सा या नावाने. तिचा पहिला अल्बम २००६ साली आला तो लिबरेशनकडूनच. मुलांच्या आवडीवर पैसा लावणे श्रीमंत बापाला सोपे, असे कुणी म्हणेल. पण आपल्याला जे स्वातंत्र्य भांडून घ्यावे लागले ते मुलांना न मागता देणारे बाप मी फार पाहिलेले नाहीत. नातवंडे झाली तेव्हा तो साठी ओलांडलेला होता, आणि ती त्याच्या बोलण्यात दौऱ्यांच्या बरोबरीने येऊ लागली.

७ फेब्रुवारी २००९. व्हिक्टोरियातल्या जंगलांत वणवे पेटले आणि १७३ माणसे गेली. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, १४ मार्चला, मेलबर्न आणि सिडनीच्या क्रिकेट मैदानांवर एकाच दिवशी ‘साउंड रिलीफ’ हा मदतीचा कार्यक्रम झाला. तो एकट्या गुडिन्स्कीचा नव्हता. मायकेल चग आणि इतर अनेक आयोजक त्यात होते, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धीही. पण पाच आठवड्यांत दोन शहरांत दोन मैदाने, डझनावारी कलावंत, आणि सगळे मानधन न घेता! ज्याने कधी एक कार्यक्रमही उभा केला आहे त्याला यातले अशक्यपण कळेल. मेलबर्नमध्ये त्या दिवशी धो धो पाऊस पडला आणि लोक भिजत बसून राहिले. फुटलेले ‘मिडनाइट ऑइल’ आणि ‘हंटर्स अँड कलेक्टर्स’ त्या दिवसासाठी पुन्हा एकत्र आले. अशा वेळी नुसते पैशाचे बळ चालत नाही. तिथे तीस-चाळीस वर्षे जोडलेली माणसे एका फोनवर उभी राहावी लागतात.

२०१८ मध्ये इंग्लिश गायक एड शीरनचा दौरा झाला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मिळून दहा लाखांवर तिकिटे खपली. ‘डायर स्ट्रेट्स’चा तीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. पासष्टीतला हा आयोजक आणि ऐन सत्ताविशीतला तो गायक यांच्यातले नाते मात्र धंद्याच्या फार पुढे गेले होते. शीरन त्याला वडिलांच्या जागी मानी.

आणि मग २०२०. मार्चमध्ये साऱ्या मैफली बंद झाल्या. मंचावरचा कलावंत लोकांना दिसतो, पण त्याच्यामागे सामान उतरवणारे, तारा जोडणारे, दिव्यांवर बसणारे, दारावर तिकिटे तपासणारे असतात. त्यांच्या हातावर पोट, आणि ते एका रात्रीत रिकामे. गुडिन्स्की तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. घरी बसून वाट पाहिली असती तरी त्याला कुणी दोष दिला नसता. २५ एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियात युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा जो दिवस पाळतात त्या अँझॅक डेला, त्याने ‘म्युझिक फ्रॉम द होम फ्रंट’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम उभा केला. कलावंत आपापल्या घरांतून गायले. त्यातून निघालेल्या अल्बमचे उत्पन्न ‘सपोर्ट ॲक्ट’ या संस्थेला गेले. ही संस्था अडचणीतल्या कलावंतांना आणि पडद्यामागच्या कामगारांना हात देते. जुलैपासून ‘द साउंड’ ही सरकारी वाहिनीवरची मालिका सुरू झाली, ऐन मेलबर्नच्या दुसऱ्या टाळेबंदीत. आयुष्यभर भरलेली मैदाने पाहिलेला माणूस रिकाम्या सभागृहांत कॅमेऱ्यासमोर बँड उभे करत होता, कारण त्यामुळे चार कलावंतांना गायला मिळत होते आणि चार कामगारांना रोज मिळत होता. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामात हे वर्ष सर्वांत मोठे, विक्रमी खपाच्या दौऱ्यांहूनही.

मैफली पुरत्या सुरू झालेल्या त्याने पाहिल्या नाहीत. २ मार्च २०२१ ला तो झोपेतच गेला. २४ मार्चला मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनात स्मृतिसभा झाली. लांबलचक टाळेबंद्या सोसलेल्या त्या शहरात इतका मोठा जमाव एकत्र बसून गाणे ऐकतो आहे, असे फार दिवसांनी घडत होते. पॉल केली आला, जिमी बार्न्स आला, कायली आली. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि स्टिंग यांनी चित्रफितीवरून श्रद्धांजली वाहिली. शीरनने त्याच्यासाठी लिहिलेले ‘व्हिजिटिंग अवर्स’ हे नवे गाणे तिथे पहिल्यांदा गायले, आणि गाताना त्याचा गळा भरून आला. पुढे ते ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्यात मागचे आवाज दिले कायली आणि जिमी बार्न्स यांनी. एक नटी म्हणून हिणवली गेलेली, एक पडत्या काळात सांभाळला गेलेला, आणि एक परक्या देशातला तरुण. या तिघांना एकत्र आणणारा धागा त्यांचा आयोजक होता.

त्याच्या कंपन्यांच्या समूहाची धुरा मॅटकडे आली. २०२३ साली रॉड लेव्हर अरीनाबाहेर गुडिन्स्कीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी २ मार्चला, त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, फ्रंटियरने शीरनचा कार्यक्रम मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लावला. त्या रात्री १ लाख ७ हजारांहून जास्त माणसे आली आणि दुसऱ्या रात्री त्याहूनही अधिक. या मैदानावर तिकीट काढून मैफलीला इतकी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. दोन्ही रात्रींची जोखीम त्याच्या मुलाने घेतली होती.